मावशीचे गाऱ्हाणे

लोक आयुक्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भ्रष्टाचाराचे प्रकरण, एखादा मंत्री आणि वर्तमानपत्रातला मोठा मथळा येतो. माझीही समजूत तशीच होती. माझ्या मावशीच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दोन वर्षांपूर्वी कायद्याचे पुस्तक उघडावे लागले, तेव्हा ती बदलली.

महाराष्ट्राचा लोक आयुक्त आणि उप लोक आयुक्त अधिनियम १९७१ चा आहे आणि ऑक्टोबर १९७२ पासून सरकारी कारभाराबद्दलच्या तक्रारींची चौकशी करणारे हे पद राज्यात प्रत्यक्ष अस्तित्वात आले; देशात पहिल्यांदा. (केंद्रातल्या अशाच पदाचा 'लोकपाल' हा शब्दही तोवर जेमतेम नऊ वर्षांचा होता. कायदेपंडित लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी तो १९६३ साली घडवला. अशा पदाची स्वीडनमधली मूळ कल्पना मात्र १८०९ ची.) या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत. अधिकाराचा स्वार्थासाठी गैरवापर झाला, लाच घेतली गेली, असे म्हणणे हा आरोप. कारभार अवाजवी, जाचक किंवा पक्षपाती झाला, त्यात हयगय वा विनाकारण दिरंगाई झाली आणि त्यामुळे माझ्यावर अन्याय झाला, असे म्हणणे हे गाऱ्हाणे. मथळे आरोपांचे होतात, पण सामान्य माणसाच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा दुसरा प्रकार, कारण त्याचे काम अडते तिथे कोणी पैसे मागितलेले असतातच असे नाही.

मावशीचे तेच झाले होते. काका सरकारी सेवेत असतानाच वारले. सेवापुस्तकात मावशीचे माहेरचे नाव होते आणि आधार कार्डावर सासरचे, म्हणून प्रकरण पहिल्यांदा 'त्रुटी' काढून परत आले. तिने प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला दिला. दुसऱ्यांदा छायाचित्र साक्षांकित नाही म्हणून परत. तिसऱ्यांदा काढलेली त्रुटी वाचून मी काही वेळ कागदाकडे नुसता पाहत राहिलो: काकांच्या एका जुन्या रजेच्या नोंदीवर कार्यालयप्रमुखाची सही नव्हती. ज्या कार्यालयाने सही करायची राहून गेली, त्याच कार्यालयाने ती त्रुटी एका विधवेच्या नावावर टाकली होती. कोणी उद्धटपणे बोलले नाही, कोणी काही मागितले नाही. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक होता, पोच होती. आणि तरी दहा महिने घरात एक पैसा आला नव्हता.

सेवाविषयक बाबी लोक आयुक्तांच्या कक्षेबाहेर आहेत असे आम्हाला एका माहीतगाराने ठामपणे सांगितले होते. ते अर्धेच खरे निघाले. नेमणूक, पगार, शिस्तभंग हे विषय वगळलेले आहेत, परंतु निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधीचे दावे मुद्दाम कक्षेत ठेवलेले आहेत. शिवाय गाऱ्हाणे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच असावे लागते, म्हणून अर्ज मी लिहिला तरी सही मावशीची.

मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासन भवनातल्या लोक आयुक्तांच्या कार्यालयातून काकांच्या कार्यालयाला पत्र गेले आणि अहवाल मागवला गेला. मला वाटते, या संस्थेचे खरे बळ या साध्या कृतीत आहे. अहवाल द्यायचा म्हणजे कागद कधी आला, कोणाच्या टेबलावर किती दिवस राहिला आणि का, हे तारीखवार मांडावे लागते. आणि तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी एकदम का कळवल्या नाहीत, या प्रश्नाला त्या तक्त्यात लपायला जागा उरत नाही. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात रजेच्या नोंदीवर सही झाली आणि प्रकरण महालेखापालांकडे रवाना झाले.

यात चमत्कार नाही, हेही सांगितले पाहिजे. लोक आयुक्त आदेश देत नाहीत, शिफारस करतात. अन्याय दूर करण्यासाठी अहवालात दिलेली मुदत संपल्यावर एका महिन्याच्या आत काय केले ते सक्षम प्राधिकाऱ्याने कळवायचे असते. त्याने समाधान झाले नाही, तर लोक आयुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. अंमलबजावणीचे दात नाहीत ही टीका म्हणूनच जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. पण दात असलेल्या न्यायालयात मावशी कधीच गेली नसती. वकिलाची फी हा शब्द ऐकूनच तिने फाइल बांधून ठेवली असती.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी वाचून मी थबकलो: तुरुंगातून, पोलीस कोठडीतून किंवा मनोरुग्णालयातून कोणी लोक आयुक्तांना पत्र लिहिले, तर ते न उघडता आणि विलंब न लावता पाठवणे तिथल्या प्रमुखावर बंधनकारक आहे.

आमच्या बाबतीत धाकधूक होती ती मुदतीची. गाऱ्हाणे ज्या कृतीबद्दल आहे, ती कळल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते. मावशीने पहिल्या परतीच्या पत्राचा लिफाफासुद्धा देवघरातल्या डब्यात जपून ठेवला होता. त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून आम्ही दिवस मोजले, तेव्हा सात आठवडे शिल्लक होते.