तुम्ही विचारलंत म्हणून : लिफ्टला कुठची मोटर?

"काका, लिफ्टला कुठची मोटर लावू?" रोबोटच्या स्पर्धा जवळ आल्या की मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या माझ्या लेथवर हा प्रश्न घेऊन पोरं येतात. लिफ्ट म्हणजे रोबोटवरची, दोरीने वस्तू वर उचलणारी सरकती चौकट. रत्नागिरीची असतात, चिपळूण-देवरुखची असतात, एखादी टीम पार कुडाळहून सामानाच्या गोण्या घेऊन उतरते. त्यांना ती दोरी गुंडाळणारा ड्रम टर्न करून हवा असतो आणि सोबत मोटरचं नावही हवं असतं. ड्रम मी करून देतो. नाव लगेच सांगत नाही.

आधी तीन आकडे विचारतो: किती किलो, किती उंच, किती सेकंदांत. निम्मी पोरं इथेच एकमेकांकडे बघायला लागतात. ज्यांच्याकडे आकडे असतात त्यांचा वजनाचा आकडा बहुतेक वेळा चुकलेला असतो, कारण उचलायच्या वस्तूचं वजन त्यांनी धरलेलं असतं आणि ती धरणाऱ्या पंजाचं, सरकणाऱ्या चौकटीचं, पंजावरच्या मोटरचं धरलेलं नसतं. 2022 ची आंतरराष्ट्रीय रोबोकॉन, म्हणजे कॉलेजच्या पोरांची रोबोट स्पर्धा, नवी दिल्लीची होती आणि खेळ होता लगोरीचा, आपण अंगणात खेळलो तोच. लगोरी रचायची म्हटल्यावर डोळ्यांसमोर लगोरी येते. मोटरला मात्र लगोरीसकट अख्खा सांगाडा ओढायचा असतो. म्हणून लिफ्टचा सरकणारा भाग सुटा करून काट्यावर ठेवा. दुकानातला काटाही चालेल.

समजा भरले 8 किलो, न्यायचे 1.2 मीटर वर, दीड-दोन सेकंदांत. ड्रम 40 मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या 2 सेंटीमीटर. आठ दुणे सोळा: ड्रमच्या शाफ्टवर 16 किलो-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागणार. आपल्याकडे मोटर विकणारे टॉर्क याच मापात लिहितात, त्यामुळे न्यूटनच्या भानगडीत न पडताही हिशेब होतो.

आता मोटर. समजा 12 व्होल्टची आहे, मोकळी फिरते 6000 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला 6000 फेरे, अडवून धरली की 8 किलो-सेंटीमीटर टॉर्क देते आणि त्या वेळी 42 अँपिअर करंट खाते. अशा साध्या ब्रशवाल्या मोटरचं गणित सरळ रेषेचं असतं. टॉर्क जितका टक्के मागाल तितके टक्के वेग कमी होतो. निम्म्या वेगावर ती सगळ्यांत जास्त वॅट देते, ही मोटर सव्वाशेच्या आसपास. पण तिथे तिला रोज राबवायची नसते. अडल्या टॉर्कच्या पाव हिश्शाच्या आत काम करून घ्यावं, म्हणजे ती तापत नाही आणि बॅटरीही टिकते.

बाजारातल्या प्लॅनेटरी गिअरबॉक्सचा (मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारा) एक टप्पा साधारण 3.7 पटीचा असतो, म्हणजे वेग तितक्या पटीने कमी आणि टॉर्क तितक्या पटीने जास्त; दोन टप्पे लावले की 13.7, तीन लावले की 51 च्या जवळ. दोन टप्पे घेऊ. 16 भागिले 13.7, वर घर्षणाचं धरून मोटरवर दीड किलो-सेंटीमीटर येतात. आठातले दीड, म्हणजे एकोणीस टक्के. वेग ऐंशी टक्क्यांवर राहतो, ड्रम 355 आरपीएमने फिरतो आणि लिफ्ट सेकंदाला 74 सेंटीमीटर चढते. सुरुवातीची उसळी आणि शेवटचं थांबणं धरून दोन सेकंदांत वर. झालं काम.

एवढं सांगितलं की एखादा हुशार पोरगा म्हणतो, "काका, एकच टप्पा लावला तर?" आणि लावून दाखवतो. लिफ्ट भन्नाट पळते! हिशेबानेही तसंच येतं: मोटरचा वेग चाळिशीच्या टक्क्यांत उतरतो, पण गिअर कमी असल्याने ड्रम सहाशेच्या वर फिरतो आणि लिफ्ट सेकंदाच्या आतबाहेर वर पोचते. टाळ्या, व्हिडिओ, ग्रुपवर फॉरवर्ड. चाचणी तिथेच संपते, आणि माझं म्हणणं तिथून सुरू होतं.

लिफ्टची मोटर वर जाताना जळत नाही, वर थांबल्यावर जळते.

वर पोचलेली लिफ्ट तिथे धरून ठेवायची असते. समोरची टीम वाट अडवते, नेम लागत नाही, चालवणारा गोंधळतो. तेवढा वेळ 8 किलो दोरीला लटकून असतात आणि मोटर एक इंचही न हलता करंट खात राहते. हलत नाही म्हणजे ती बाहेर शून्य काम करते, म्हणजे आत गेलेला प्रत्येक वॅट उष्णता होतो. मागे पंखा असला तरी तो मोटरच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे गरज असते नेमका तेव्हाच तोही थांबलेला असतो.

किती वॅट? दोन टप्प्यांच्या गिअरबॉक्सवर, घर्षणाची मदत न धरता, मोटरला 6 अँपिअरने वजन धरून ठेवावं लागतं आणि उष्णता होते 11 वॅटच्या आसपास. अर्धा मिनिट सहज निघतो. एका टप्प्यावर तेच वजन धरायला 23 अँपिअर लागतात आणि उष्णता जाते दीडशे वॅटच्या घरात. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून 3.7 पट गिअर कमी केला की जाळ 3.7 गुणिले 3.7 पट होतो. मुठीत मावणाऱ्या मोटरमध्ये दीडशे वॅट म्हणजे काही सेकंदांत आतल्या तारेवरच्या वार्निशचा वास. तो वास ज्याने एकदा घेतला त्याला हे गणित पुन्हा समजवावं लागत नाही.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. लिफ्ट किती वेळ वर उभी राहणार ते आधी ठरवा, त्यावरून गिअर काढा, मग वेग पुरतो का बघा, आणि मोटर शेवटी. वेग पुरत नसेल तर मोठी मोटर घ्या, गिअर काढून टाकू नका.

वर्म गिअरचा, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवण्याचा मार्ग पोरांना आवडतो, कारण भंगारात गाडीची वायपर मोटर स्वस्तात मिळते. वीज बंद केली तरी वजन खाली येत नाही, हे तिचं मोठेपण. पण जो वर्म उलटा फिरत नाही तो सुलटा फिरतानाही निम्म्याहून जास्त शक्ती घर्षणात घालवतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात. शिवाय वेग रडका. एकदाच उचलून ठेवायचं असेल तर बेशक लावा. सामन्यात पुन्हापुन्हा वरखाली करायचं असेल तर नको. आणि रोबोट धक्के खात पळत असेल तर तिच्या न घसरण्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका, हादऱ्याने वर्म हळूहळू सरकतो.

याहून चांगला मार्ग आपल्या विहिरींवर होता. जुनी लाट आठवा: मधे टेकवलेलं लांब लाकूड, एका टोकाला बांबू आणि बादली, दुसऱ्या टोकाला दगड. भरलेल्या बादलीचं बरंचसं वजन दगड उचलायचा, माणूस उरलेल्यापुरताच ओढायचा. रोबोटवर दगड बांधता येत नाही, कारण वजनाची मर्यादा असते. तिथे स्प्रिंग लावायची. आठातले सहा किलो स्प्रिंगने पेलले तर मोटरला उरले दोन, धरून ठेवण्याचा करंट पावपट आणि उष्णता सोळावा हिस्सा. म्हणजे तो एका टप्प्याचा भन्नाट वेगही पदरात पडतो आणि वर थांबल्यावरचे दीडशे वॅट दहाच्या आत येतात. मग काळजी एवढीच की लिफ्ट वरच्या टोकाला आपटण्याआधी प्रोग्रॅमने तिचा वेग उतरवायला हवा.

इथे पोरं रबरी नळी ताणून लावतात. लावा, पण तिचा स्वभाव ओळखून. लिफ्ट खाली असते तेव्हा नळी जास्त ताणलेली, जोर जास्त. वर गेली की नळी सैल, जोर कमी. आपल्याला आधार हवा असतो तो वर. गुंडाळलेल्या पोलादी पट्टीची स्प्रिंग मिळते, तिची ओढ सगळ्या लांबीभर जवळपास सारखी राहते. पैसे जास्त पडतात, पण मोटर दोनदा घेण्याहून कमी. आणि वस्तू सुटल्यावर रिकामा पंजा स्प्रिंगच्या जोराने वर उडणार नाही एवढं वजन खाली उरू द्या.

दोन मजली कॅस्केड लिफ्ट, म्हणजे एका चौकटीसोबत दुसरी आपोआप वर सरकणारी, असेल तर दोरी निम्मीच सरकते पण ओढ दुप्पट लागते, शिवाय मधल्या चौकटीचं वजन वेगळं. वरचा सगळा हिशेब त्या आकड्याने करा.

मोटरवरच्या स्टिकरबद्दल बोलायचं तर त्यावर आरपीएम खरा असतो, टॉर्क देवाच्या भरवशावर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, मोटरच्या मापांचा कागद कोणी देत नाही. घरी मोजा. गिअरबॉक्स काढून मोटरच्या शाफ्टला 10 सेंटीमीटरची पट्टी घट्ट बसवा, टोक स्वयंपाकघरातल्या काट्यावर टेकवा आणि 12 ऐवजी फक्त 2 व्होल्ट द्या, तेही क्षणभर. काट्यावर 133 ग्रॅम दिसले तर 12 व्होल्टला त्याच्या सहापट, म्हणजे 800 ग्रॅम 10 सेंटीमीटरवर: 8 किलो-सेंटीमीटर. सोबत करंट मोजलात तर तोही सहाने गुणा. मोटर न जाळता तिची कुंडली हातात येते.

आपल्याकडची एक अडचण पुण्याच्या पोरांना नसते. ड्रॉवर चॅनेलवर लिफ्ट बनवून पावसाळाभर खोलीत ठेवली की खाऱ्या हवेने चॅनेलमधल्या बेअरिंगच्या गोळ्या गंजून धरतात आणि घर्षण वाढतं. जूनमध्ये हलकी चालणारी लिफ्ट सप्टेंबरात मोटरला दमवते. चॅनेल रॉकेलने धुऊन पातळ ग्रीस लावा आणि वजन स्प्रिंग काट्याने ओढून पुन्हा मोजा. काट्यावर 8 ऐवजी 11 दिसले तर दोष मोटरचा नाही.

ड्रमसाठी येताना गिअरबॉक्स सोबत आणा, फोटो नको. शाफ्टवर सपाट बाजू आहे की चावी (ड्रम अडवणारा लोखंडी तुकडा), ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. ड्रम मी शाफ्टच्या एका बाजूला लोंबता देत नाही; पलीकडच्या टोकालाही बेअरिंग लागेल, त्यासाठी प्लेटमध्ये जागा ठेवा. आणि दोरी गुंडाळल्यावर ड्रमचा व्यास वाढतो, त्रिज्या वाढली की टॉर्क वाढतो, म्हणून ड्रम एवढा रुंद सांगा की सगळी दोरी एकाच थरात बसेल.