जमिनीत साठलेले स्फुरद

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या ५० किलोंच्या पोत्यातून जमिनीला ९ किलो नत्र मिळते आणि पोत्यावर छापलेल्या, ऑक्साइडच्या रूपातल्या हिशेबाने २३ किलो, म्हणजे शुद्ध मूलद्रव्य धरले तर सुमारे १० किलो स्फुरद (फॉस्फरस) मिळते. त्यातले पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्केच येते. उरलेले स्फुरद नत्रासारखे हवेत उडून जात नाही आणि पाण्याबरोबर फारसे खाली झिरपतही नाही. माती वाहून गेली नाही, तर ते टाकल्या जागेच्या आसपासच राहते. असा थर वर्षानुवर्षे चढत असताना पुढच्या पेरणीचा हिशेब आपण पुन्हा शून्यापासून मांडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत खतातले स्फुरद कॅल्शियमशी संयोग पावते आणि जसजसा काळ जातो तसतशी त्याची अधिकाधिक अविद्राव्य संयुगे बनत जातात. कोकणातल्या जांभ्या मातीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे करतात, आणि तिथली पकड सहसा अधिक घट्ट असते. याला स्थिरीकरण म्हणतात, पण म्हणून ते स्फुरद कायमचे गेले असे समजणे बरोबर नाही. मुळांनी मातीच्या द्रावणातले स्फुरद उचलले की या साठ्यातून थोडे थोडे पुन्हा द्रावणात येते. हा वेग पिकाच्या गरजेला पुरतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एका-दोन हंगामांत मिळत नाही. म्हणूनच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये सुरू केलेले दीर्घकालीन खत प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी–गहू या पीकपद्धतीवर असा प्रयोग सुरू आहे. देशभरच्या अशा प्रयोगांतून सर्वसाधारणपणे दिसते ते असे, की ज्या वाफ्यांना केवळ नत्र दिले तिथले उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणारे स्फुरद हळूहळू घटत गेले, तर शिफारशीप्रमाणे किंवा दीडपट खत दिलेल्या वाफ्यांत ते वाढत गेले. खताला शेणखताची जोड दिली तिथे ही वाढ विशेष दिसते, कारण शेणखत स्वतः स्फुरद आणतेच, शिवाय ते कुजताना निघणारी सेंद्रिय आम्ले स्थिरीकरणाच्या जागा अडवतात. याच प्रयोगांत गंधक असलेल्या सिंगल सुपर फॉस्फेटऐवजी गंधक नसलेले डीएपी वापरून गंधक मुद्दाम वगळलेला एक वाफाही असतो. एका अन्नद्रव्याचा साठा वाढत असताना दुसऱ्याची उणीव कशी तयार होते, हे त्यावरून कळते. डीएपीवरच विसंबलेल्या सोयाबीन उत्पादकांनी याची दखल घ्यायला हवी.

साठा फार वाढणेही निर्धोक नाही. जास्त स्फुरदामुळे पिकाचे जस्ताचे पोषण बिघडते, आणि चुनखडीच्या जमिनीत जस्त मुळातच कमी उपलब्ध असते. मुळांना दूरचे स्फुरद आणून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीचा वावरही अशा जमिनीत कमी होतो.

डीएपी बंद करा, असे माझे म्हणणे नाही. अनेक वर्षे जेमतेम खत मिळालेल्या कोरडवाहू हलक्या जमिनीत आजही स्फुरद कमी आहे आणि तिथे ते द्यायलाच हवे. मात्र ऊस-द्राक्षांच्या ज्या बागायती जमिनींना दरवर्षी भरपूर खत मिळाले आहे, तिथे आधी माती तपासावी. ओल्सेन या माती तपासणीच्या पद्धतीने हेक्टरी २५ किलोंहून अधिक उपलब्ध स्फुरद (शुद्ध मूलद्रव्य धरून) आढळले तर जमीन सामान्यतः ‘जास्त’ या वर्गात धरली जाते. अशा ठिकाणी मात्रा कमी करून पिकाला साठ्यातले स्फुरद वापरू द्यावे आणि दर दोन-तीन वर्षांनी आकडा पुन्हा पाहावा. जे खत द्यायचे ते फोकून न देता पाभरीने बियाण्याजवळ, पण थोडे खाली पेरावे, कारण स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. आम्लधर्मी जांभ्या मातीसाठी मात्र ब्रे पद्धतीची तपासणी मागून घ्यावी. प्रयोगशाळांनी अहवालात त्याच गट क्रमांकाच्या शेताचा मागच्या तपासणीचा आकडाही शेजारी छापावा, अशी माझी विनंती आहे. साठा चढतो आहे की उतरतो आहे, हे एकट्या आकड्यावरून कोणत्याही शेतकऱ्याला कळणार नाही.