पानशेतच्या आधीचे

आमच्या घरात वस्तूंचं वय वर्षांत मोजत नाहीत. वस्तू एक तर पानशेतच्या आधीची असते, नाही तर नंतरची. नारायण पेठेत, नदीच्या बाजूला राहिलेल्या बऱ्याच घरांत ही पद्धत आहे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं फुटलं, आणि मुठेचं पाणी आमच्या वाड्याच्या माडीपर्यंत चढलं. आधीचा अडकित्ता आहे, आधीचं एक जड पातेलं आहे, पायाशी चिखलाचा डाग असलेला पाट आहे. फोटोंचा हिशोब मात्र सोपा होता. आधीचा एकही नाही.

म्हणजे नव्हता, गेल्या महिन्यापर्यंत.

नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सहापासून गुलाबाच्या फुलांचा पाऊस पडतो, त्यामुळे मी तो दुपारी उघडते. त्या दिवशी फुलांच्या ढिगाऱ्यात एक तपकिरी चौकोन होता. इंदूरहून, बाबांच्या मामांच्या नातीने पाठवलेला. घर आवरताना सापडला म्हणे, ‘कुणी ओळखतं का?’ फोटोच्या काचेवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आणि खालच्या कोपऱ्यात पाठवणारीचा अंगठा. मध्ये एक मुंडण केलेला मुलगा, लंगोटी, हातात दंड, खांद्याला झोळी, आणि चेहऱ्यावर कुणीतरी चिमटा काढल्याचा भाव.

तो भाव मी ओळखला. चहा गार झाला की बाबांच्या चेहऱ्यावर अजून तोच असतो.

बाबांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःची मुंज दिसली. आम्हाला वाटलं, आता डोळे भरून येतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकापाशी नेला आणि म्हणाले, “बंब!” बटूच्या डाव्या खांद्यामागे, अंधारात, तांब्याचा बंब होता. पुराच्या पाण्यात तो तरंगत चौकाबाहेर जाताना शेजारच्यांनी पाहिला होता म्हणे. बंब तरंगतो का, यावर आमच्याकडे साठ वर्षं वाद आहे. मग त्यांना तुळशीवृंदावनाचा कोपरा सापडला. मग दोरीवर वाळत घातलेलं धोतर. स्वतःकडे ते सर्वांत शेवटी आले, तेही “कान केवढे होते माझे” एवढ्यापुरते.

जुन्या फोटोचं हेच असतं. काढणाऱ्याने ज्याच्यासाठी काढला तो मध्यभागी ताठ उभा असतो, आणि आपल्याला हवं असतं ते कडेला, चुकून आलेलं. मुंजीच्या फोटोतल्या बटूसारखे बटू हजार मिळतील. तो बंब कुठे मिळणार?

उजव्या कडेला एक बाई अर्धी कापली गेली आहे. नऊवारीचा काठ, पाटलीचा हात आणि हातात वाटी. ग्रुपवर चार दिवस तिच्यावरून चालू होतं. आत्या (वय चौऱ्याऐंशी, एका बोटाने टाइप करते) म्हणाली, ती थोरली काकू. बाबा म्हणाले, काकूच्या हातात पाटल्या कुठल्या, त्या तर गहाण होत्या. यावर थोरल्या काकूच्या मुलाने अंगठाही दाखवला नाही, दोन दिवस गप्प होता. मग आत्याने निकाल दिला की त्या मागच्या बिऱ्हाडातल्या, आणि वाटीत भिक्षावळीच्या वेळी तिला स्वतःला हवा असलेला बेसनाचा लाडू होता. सत्तर वर्षांपूर्वीच्या अर्ध्या बाईच्या वाटीतला लाडू आत्याला दिसतो, आणि सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही.

मी इंदूरला कळवलं, फोटो फ्रेममधून काढ, खिडकीपाशी धर, फ्लॅश नको. आणि पाठ पाठव. सगळे पुढची बाजू पाठवतात, पण खरी भाषा पाठीमागे असते. तिने खिळे उपटून पाठ पाठवली. दौतीच्या शाईत, आजीचं अक्षर. ‘चि. बंडूच्या व्रतबंधाचा. तुला यायला जमले नाही म्हणून पाठवीत आहे. पाहून परत पाठवणे. एकच प्रत आहे.’

मामांना रजा मिळाली नव्हती. मामाशिवाय झालेली मुंज, हे दुःख आजीने शेवटपर्यंत सांभाळलं. आणि फोटो परत पाठवला नाही म्हणून भावाला शेवटपर्यंत बोल लावला. “एकच होता, तोही दाबून बसलाय इंदुरात.” दिवाळीच्या पत्रात आठवण, राखीपौर्णिमेला टोमणा. मामांनी तो चक्क फ्रेम करून भिंतीवर टांगला होता. वेळेवर परत पाठवला असता तर ट्रंकेत गेला असता, आणि ट्रंकेचं काय झालं ते आजीनेच पाहिलं.

पुराच्या सकाळी घर सोडून पर्वतीकडे पळताना आजीने काय उचललं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. देव्हाऱ्यातले देव, दागिन्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी. जुलै महिना, कैरीचं लोणचं नुकतं मुरायला लागलेलं. फोटो घ्यायचं सुचलं नाही का, असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, “फोटो खातात का?” पुढे आठ दिवस ओळखीच्यांच्या ओसरीवर त्याच लोणच्याशी भाकरी खाल्ली, त्यामुळे तिच्या निवडीला कुणी नावं ठेवू शकत नाही.

घरी परतल्यावर ट्रंक जागेवरच होती, आत गाळ. आजीने फोटोंचा गठ्ठा जसाच्या तसा उन्हात ठेवला, पापड वाळवावेत तसा. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने फुगतो, चिकट होतो, आणि वाळताना शेजारच्याला घट्ट धरून बसतो. ओले असतानाच एकेक सुटा करून स्वच्छ पाण्यातून काढायला हवा होता, हे आज सांगणं सोपं आहे. त्या आठवड्यात पुण्यात प्यायला पाणी नव्हतं. गठ्ठ्याची वीट झाली. ती वीट अजून कपाटात आहे, जुन्या पंच्यात गुंडाळलेली. तिच्या कडेला कागदांच्या रेघा मोजता येतात. मी एकदा मोजल्या, एकतीस भरल्या. सर्वांत वरच्या कागदावर फक्त एक खुर्चीचा पाय उरला आहे. बाबा म्हणतात ती खुर्ची आपली नव्हेच, स्टुडिओतली.

त्या विटेत आत्याचाही एक फोटो आहे. किंबहुना तिचे दोन. १९६० मध्ये तिला ‘दाखवायला’ म्हणून फोटो काढला होता, मागे रंगवलेला जिना, एक हात प्लास्टरच्या खांबावर, साडी शेजारणीची. त्याच्या सहा प्रती काढून सहा घरी पाठवल्या, पत्रिकेसोबत. दोन घरांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असं लिहून फोटो सभ्यपणे परत केले, ते विटेत गेले. उरलेल्या चार घरांनी ना होकार कळवला ना फोटो पाठवला. “म्हणजे मी चार ठिकाणी सुखरूप आहे,” आत्या म्हणते. पासष्ट वर्षांनी तिला त्या असभ्य लोकांबद्दल फार आपुलकी वाटू लागली आहे. एखाद्याच्या कपाटात, कागदाखाली, एकोणीस वर्षांची आत्या खांबावर हात ठेवून उभी असेल, आणि ते घर आवरताना कुणीतरी विचारत असेल, ही कोण? त्यांच्या ग्रुपवर आपण नाही, एवढीच पंचाईत.

पानशेतनंतरचे फोटो आमच्याकडे भरपूर आहेत. काकांच्या आगफा क्लिक थ्रीने काढलेले, एका रोलला बारा, त्यांतले चार डोकी कापलेले. ऐंशीच्या दशकातले रंगीत तर सगळे लाल पडलेत; माझ्या बारशाला घरात आग लागली होती असं वाटतं. त्यांच्यावर कुणी भांडत नाही. सगळ्यांना सगळं आठवतं, म्हणून बोलण्यासारखं काही उरत नाही.

परवा बाबा स्वतः चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि मुंजीच्या फोटोच्या सात प्रती काढून आणल्या. मोबाइलमध्ये सगळ्यांकडे आहे की, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. जेवणाच्या टेबलावर पालथ्या मांडून प्रत्येकीच्या पाठीवर लिहीत बसले. चकचकीत कागदावर बॉलपेन उठेना, मग माझ्या मुलाचं सीडीवर लिहायचं मार्कर घेतलं. एक इंदूरला, एक आत्याला, एक थोरल्या काकूच्या मुलाला (पाटल्यांचं मिटावं म्हणून), बाकी भाचरांना.

पाकिटं चिकटवायच्या आधी मी एक उलटून पाहिली. वर नाव, खाली तारीख, आणि आजीसारखंच किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर: ‘परत पाठवू नये.’