काडतूस आत गेलं म्हणजे बसलं असं नाही

पाटणकडच्या एका शेतकऱ्याची बारा बोरची दुनळी साताऱ्यात दुकानात आली. तक्रार एकच: हल्ली दणका फार बसतो, खांदा काळानिळा होतो. सोबत ७० मिलिमीटरच्या काडतुसांची पेटी आणि उडवलेली पाच टरफलं. लोक टरफलं फेकून देतात. यांनी जपली, फार बरं झालं.

"सरळ आत जातंय की, मिस्त्री," बंदुकीचे मालक म्हणाले. जाणारच. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. कॅलिपरवर ते जेमतेम ५८ भरलं. पेटीवरचे ७० ही तोंड उघडल्यावरची लांबी. नळ्या उतरवून बुडाची सपाट बाजू पुसली. बर्मिंगहॅमचे मुकुटवाले शिक्के, 'नायट्रो प्रूफ', १⅛ औंस, २½ इंच. म्हणजे १९२५ ते १९५४ दरम्यानची प्रूफ, म्हणजे नळी दाब सोसते का याची सरकारमान्य तपासणी. बिनधुराची दारू चालते, पण चेंबर, म्हणजे काडतूस बसायची खोबण, ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचा. चेंबर मोजायचा गेजही तिथंच अडला. लांब टरफलाचं तोंड पुढच्या निमुळत्या गळ्यात उघडतं, गळा आणखी आवळतो, छर्रा त्यातून रेटला जातो आणि दाब चढतो. टरफलं भिंगाखाली धरली तर पाचही कडा पिसासारख्या विसकटलेल्या.

नुसतं काडतूस बदलून भागलं असतं, पण डावी नळी आरशासारखी चकचकीत होती. जुन्या नळीला एवढी चकाकी दिसली की मला धास्तीच वाटते. बुडापासून ९ इंचांवर बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, मोजला. शिक्क्यावर ०.७२९ इंच, उजवी ०.७३१, डावी ०.७४३. गंज काढायला कुणीतरी आतून घासली होती. शिक्क्यापेक्षा ०.०१० इंचाहून जास्त वाढली की इंग्लंडच्या नियमात ती तपासणी बाद. तिला कुठलंच काडतूस सुचवलं नाही.

उजवीला ६५ मिलिमीटर, २८ ग्रॅम, शिशाचा छर्रा. १⅛ औंस म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम, पण ती मर्यादा. तिथवर जायलाच हवं असं थोडंच आहे? पोलादी छर्रा अजिबात नको, या नळ्या मऊ आणि चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा अरुंद भाग, घट्ट.

पेटी रिकामी करताना तळाशी एक पिवळं काडतूस निघालं. वीस बोरचं. ते बाराच्या चेंबरमधून सरकून पुढे गळ्यात अडकतं. चाप ओढला की नुसती 'टक', माणूस चेंबर रिकामा समजतो आणि मागून बाराचं भरतो. ते उडालं की नळी फुटते. परवाना बारा बोरचा. हे पेटीत आलं कुठून, मालकांना आठवेना.