पी. पी. नंबर

पुढच्या महिन्यात आमची पार्ल्याची चाळ रिकामी करायची आहे. रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. आठवडाभर रजा टाकून मी आईबरोबर माळा उपसतेय. काल अगदी मागच्या खोक्यात बाबांच्या एसटीडी बूथचं, म्हणजे परगावी फोन लावायच्या बूथचं, बिलिंग मशीन सापडलं. लाल आकड्यांवरची काच तडकलेली, प्रिंटरमध्ये अजून कागदाची अर्धी गुंडाळी. आणि त्याच्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेल्या तीन लांब वह्या.

आई म्हणाली, "मशीन भंगारवाल्याला दे. वह्या राहू देत."

रात्री त्या वाचत बसले. म्हणून हे लिहितेय.

बाबांना एका पायाला पोलिओ होता. बूथ त्यांना अपंगांच्या कोट्यातून मिळालं, १९९३ साली. पूर्वेला, स्टेशनपासून तीन मिनिटांवर. काचेची एक केबिन, दोन लाइनी, बाहेर रुपयाचा डबा आणि वर पिवळा बोर्ड. दिवसा गिऱ्हाईक तुरळक असायचं, खरी गर्दी रात्री अकरानंतर, परगावच्या फोनला दिवसाच्या पाव दर लागला की. परगावी फोन करणारी माणसं बाहेर कट्ट्यावर झोपाळलेली बसून राहायची आणि अकरा वाजले की एकदम जागी व्हायची.

पी. पी. नंबर म्हणजे काय, हे आता माझ्या मुलाला समजावून सांगावं लागतं. ज्यांच्या घरी फोन नाही ते शेजारचा नंबर द्यायचे, आणि पुढे कंसात लिहायचे पी. पी. आमच्या आणि मागच्या दोन चाळींतल्या जवळजवळ साठ बिऱ्हाडांचा पी. पी. नंबर म्हणजे आमचं बूथ. फोन आला की बाबा पलीकडच्याला सांगायचे, "दहा मिनिटांनी परत करा." मग मी पळायचे. दोन जिने, तीन जिने, कधी नळावर, कधी देवळात. "काकू, तुमचा फोन आलाय, कोल्हापूरहून." काकू हात पुसत, केस सारखे करत यायच्या. बातमी चांगली की वाईट, हे बाबांना आवाजावरून आधी कळायचं. वाईट असली की मला म्हणायचे, "त्यांच्याबरोबर तूही ये, एकटीला येऊ देऊ नकोस."

पहिली वही उघडली की पहिल्याच पानावर २६ जानेवारी २००१. मी तेव्हा बारा वर्षांची. पावणेनऊच्या सुमाराला पार्ल्यातही भांडी हलली होती, पण आम्ही झेंडावंदनाला मैदानात उभ्या, आम्हाला काहीच जाणवलं नाही. घरी आले तर बूथसमोर आमच्या गल्लीतले सगळे कच्छी दुकानदार. किराणावाले, लाकडाच्या वखारीवाले, कापडवाले. शून्य दोन आठ तीन दोन हा भुजचा कोड त्या दिवशी इतक्या वेळा कानावर पडला की मला आजही तोंडपाठ आहे. बाबा फिरवायचे आणि पलीकडून तीच बाई, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं." खरं तर लाइन व्यस्त नव्हती, तिकडे लाइनच उरली नव्हती. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली त्या भूकंपात. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. आमच्यासारखीच, पांढऱ्या गणवेशातली. वखारीवाल्या काकांचा भाऊ भचाऊला होता. त्यांना फोन लागला नाहीच. पाचव्या दिवशी तिकडून परतलेला एक ट्रकवाला बूथवर आला आणि त्याने तोंडी सांगितलं. काका केबिनच्या काचेला टेकून खाली बसले. बाबांनी रिसीव्हर क्रेडलवरून काढून बाजूला ठेवला, म्हणजे घंटी वाजू नये.

त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्या मुलांसाठी आलेल्या आजी-आजोबांची रांग होती. पार्ल्यात घरटी एक तरी मूल अमेरिकेत असायचं. त्या रात्रीच्या नोंदी वाचल्या, पण मला स्वतःला फारसं आठवत नाही. टीव्हीवर इमारत कोसळताना पुन्हा पुन्हा दाखवत होते, तेवढंच डोळ्यांसमोर आहे.

दुसरी वही पातळ आहे. मोबाइल आले ना. आधी मोबाइलवाल्यांमुळे आमचा धंदा वाढलाच होता, कारण तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. लोक नंबर बघून फोन कापायचे आणि खिशात मोबाइल असूनही आमच्याकडे येऊन उलटा फोन लावायचे. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच पावसाळ्यात पाचशे एक रुपयांत रिलायन्सचा हँडसेट हातात पडायला लागला, आणि मग आला टॉर्चवाला नोकिया ११००. भाजीवाली, रिक्षावाला, दूधवाला, सगळ्यांकडे तोच. गल्ल्याचे आकडे वहीत आहेत. वर्षभरात निम्मे. बाबांनी रिचार्ज कूपनं ठेवायला सुरुवात केली. नाण्याने खरवडून नंबर काढायचा ती कूपनं. ज्याने आमचं गिऱ्हाईक नेलं, त्याचंच सामान आम्ही विकत होतो. पण बाबा कधी त्याबद्दल कडवट बोलले नाहीत. खालच्या मजल्यावरच्या मावशींना त्यांनी स्वतः फोन निवडून दिला, हिरवं बटण कुठलं, लाल कुठलं ते शिकवलं. मावशींचा मुलगा मस्कतला होता. महिन्यातून एकदा त्या आमच्या केबिनमध्ये उभ्या राहून तीन मिनिटं बोलायच्या आणि त्यातला एक मिनिट रडण्यात जायचा. आता त्या स्वतःच्या खाटेवर बसून बोलणार होत्या. मला ते फार छान वाटलं होतं, आजही वाटतं.

२००४ च्या डिसेंबरचा तो रविवार. कोपऱ्यावरचा इडलीवाला अण्णा नागपट्टिणमचा. सकाळी धंद्याला उभा होता, दुपारी टीव्हीवर समुद्र बघितला आणि भांडी तशीच टाकून आला. त्याच्याकडे मोबाइल होता. तो लागत नव्हता म्हणून आमच्याकडे आला, जणू आमच्या लाइनीला वेगळा रस्ता असणार. सुमात्राजवळ पहाटे साडेसहाला धरणी हलली, त्यानंतर लाट तमिळनाडूला पोचायला दोन-अडीच तास लागले. दोन-अडीच तास! आणि किनाऱ्यावरच्या एकाही माणसाला कुणी सांगितलं नाही, कारण हिंदी महासागरात सांगणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादला त्सुनामीचं केंद्र उभं राहिलं ते २००७ मध्ये. मी भूगोलाच्या पेपरात ते वाचलं तेव्हा मला अण्णाच आठवला. त्याची आई आणि धाकटी बहीण गेली. तो परत आला, पण पार्ल्यात रमला नाही. पुढच्या वर्षी गाडी विकून निघून गेला.

आणि मग ती रात्र. २६ जुलै २००५, मंगळवार.

सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्यात त्याच वेळी फक्त ७३. म्हणजे तिकडच्या ऑफिसांत बसलेल्यांना कळलंच नाही की उपनगरं बुडतायत. ते नेहमीसारखे निघाले आणि मध्ये अडकले. पाच वाजता आमच्याकडची वीज गेली. मोबाइल तासाभरात मुके झाले, टॉवरनाही वीज लागतेच की.

बाबांचं मशीनही विजेवर. लाल आकडे विझले. आता पल्स, म्हणजे बोलण्याच्या वेळेचे आकडे, मोजणार कोण आणि बिल करणार कसं? बाबांनी दोन मिनिटं विचार केला असेल. मग खाली वाकून मशीनमधली वायर उपटली आणि सरळ साध्या फोनला जोडली. डायल टोन! साध्या फोनला घरची वीज लागत नाही, तारेतूनच एक्स्चेंजच्या बॅटरीचा करंट येतो. हे मला त्या दिवशी, मेणबत्ती धरून उभी असताना कळलं.

माणसं छातीपर्यंत भिजून येत होती. कुणी सीप्झहून, कुणी बांद्र्याहून हायवेने चालत. चपला हातात, कुणाच्या पायातून रक्त. बाबांनी प्रत्येकाला एक मिनिट दिलं. "कुठे आहात आणि बरे आहात, एवढंच सांगा. मागे रांग आहे." मी वहीत लिहीत होते, नंबर आणि गाव. ज्यांच्या घरी लागत नव्हता त्यांचा निरोप लिहून घ्यायचा. ते पुढे चालायला लागायचे आणि बाबा मधूनमधून तो नंबर फिरवत राहायचे. लागला की मी पुढे बरोबरची खूण करायचे. "दिवा. सौ.ना सांगा, पार्ल्यात आहे, शाळेत झोपतो." खूण. "कळवा. पोरगी माझ्याबरोबर आहे." खूण. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी डायल टोन गेला. तोवर २३७ नोंदी. अक्षर माझं, सोळा वर्षांचं, शेवटी शेवटी ओळीबाहेर गेलेलं. पानांना अजून पाण्याचे डाग आहेत.

ओल्या नोटा आईने दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. बऱ्याच जणांकडे तेवढ्याही नव्हत्या. पुढच्या काही महिन्यांत माणसं येऊन पैसे देऊन गेली. नोव्हेंबरात नालासोपाऱ्याचा एक गृहस्थ तीन रुपये द्यायला मुद्दाम पार्ल्याला उतरला, आणि बाबांनी ते घेतले. मी नंतर विचारलं, कशाला घेतलेत? म्हणाले, "एवढ्या लांबून आला तो. परत कसे पाठवायचे?"

पुढच्या वर्षी ११ जुलैला, तोही मंगळवारच, सहा चोवीस ते सहा पस्तीस. अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट. खारच्या बाजूला आणि जोगेश्वरीला, म्हणजे आमच्या दोन्ही अंगांना. १८९ माणसं. गाड्या थांबल्या, लोक रुळांवरून चालत पार्ल्याला वर चढले आणि सरळ बूथवर आले, कारण मोबाइल पुन्हा लागेनात. एका टॉवरला एका वेळी ठरावीकच फोन पेलतात, आणि इथे सगळी मुंबई एकाच क्षणी एकमेकांना शोधत होती. वर्षभर ओस पडलेल्या आमच्या बूथसमोर रांग थेट फुलवाल्यापर्यंत गेली.

माझी ताई चर्चगेटला नोकरीला होती. त्या वेळच्या गाडीने यायची.

आई खाली आली. "दोन लाइनी आहेत, एक तरी मोकळी ठेवा. तिने फोन केला तर लागणार कसा?" बाबा म्हणाले, "रांग बघ." एवढंच. आई काही न बोलता पायरीवर बसली. बाबा नंबर फिरवत राहिले. दर चार-पाच जणांनंतर ताईच्या ऑफिसचा फिरवायचे, तो नुसता वाजायचा. त्यांचा हात थरथरत होता, हे मी जवळून पाहिलंय.

ताई पावणेअकराला आली. बांद्र्याहून चालत, एका अनोळखी मुलीचा हात धरून. तिने माहीमला आणि खारला, दोन ठिकाणांहून आमचा नंबर लावला होता. दोन्ही वेळा एंगेज. आईने बाबांशी तीन दिवस अबोला धरला. मी आईच्या बाजूची होते. कित्येक वर्षं मी त्यांना त्याबद्दल माफ केलं नव्हतं, आणि हे त्यांना कधी सांगितलंही नाही. काल तिसऱ्या वहीत त्या संध्याकाळचं पान पाहिलं. बाबांच्या अक्षरात नंबरांच्या चार रांगा आहेत, आणि त्यांच्या मधे मधे, दर चार-पाच ओळींनी, ताईच्या ऑफिसचा नंबर. चौदा वेळा. पुढे खूण नाही. मग सर्वांत खाली, "१०.४५. आली."

ते पान मी ताईला फोटो काढून पाठवलं. तिचा काही मेसेज आला नाही. रात्री साडेबाराला फोन आला, आणि आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला अकराच्या आत हायवेच्या बाजूने मोठा आवाज झाला. सीएसटीवर उतरलेल्या अतिरेक्यांनी टॅक्सीत सीटखाली बॉम्ब ठेवला होता. ती टॅक्सी पार्ल्यापर्यंत पोचली आणि फुटली. चालक आणि प्रवासी, दोघंही गेले. बाबांनी काठी घेतली, खाली जाऊन शटर अर्धं वर केलं आणि दिवा लावून बसले. मी सोबत होते. कुणी आलं नाही. प्रत्येक खिडकीत टीव्हीचा निळा उजेड आणि प्रत्येकाच्या कानाला आपापला फोन. दीड वाजता बाबा म्हणाले, "चला, लोकांचं भागतंय." समाधानाने म्हणाले. मला मात्र रडू आलं. २००५ मध्ये त्या दिवा गावच्या माणसाच्या घरी फोन लागला तेव्हा रांगेतली अनोळखी माणसं हसली होती, एकाने त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली होती. ते त्या रात्री कुठेच नव्हतं. प्रत्येक जण एकटाच घाबरत होता.

२०१० च्या मार्चमध्ये बाबांनी बूथ बंद केलं. एक लाइन परत केली, दुसरी घरी घेतली. नंबर तोच. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी आईने तो चालू ठेवलाय. चाळ पडली की तो जाणार. काल मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "आणि मस्कतवाल्याने फोन केला तर?"

मावशी २०१४ मध्ये वारल्या. त्यांचा मुलगा अजून दर दिवाळीला आमच्या त्याच नंबरवर आईला फोन करतो. त्याच्याकडे दुसरा नंबर नाही, आणि आईकडे त्याचा नाही. आज सकाळी मी ताईला कामाला लावलं, तिने मावशींच्या भाचीला गाठून तो मिळवला. आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह करताना विचारलं, कुठल्या नावाने करू? आई चष्मा पुसत म्हणाली, "पी. पी. मस्कत लिही. म्हणजे मला कळेल."