आबेर: वाळूच्या वाटेवरचा राजवाडा

उत्तर वेल्समध्ये बँगोरपासून पूर्वेला साधारण 10 किलोमीटरवर आबेरग्विनग्रेगिन नावाचं गाव आहे. पांढऱ्या शिंपल्यांच्या नदीचं मुख, असा नावाचा अर्थ. इतकं लांब नाव रोज कोण घेणार? आसपासचे लोक नुसतं 'आबेर' म्हणतात, मीही तेच म्हणते. एका बाजूला कार्नेथाई डोंगररांग, दुसऱ्या बाजूला मेनाय सामुद्रधुनी, आणि मध्ये दगडी घरांच्या एक-दोन गल्ल्या. इथे येणारे बहुतेक जण धबधब्यासाठी येतात, गाडी लावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. 13 व्या शतकात ग्विनेद या उत्तर वेल्समधल्या राज्याचे राजे या गावात राहत होते, हे त्यातल्या अनेकांना गाव सोडेपर्यंत कळतच नाही. यात त्यांची चूक नाही, कारण दिसण्यासारखं फारच थोडं उरलं आहे. काय शोधायचं ते आधी माहीत असेल, तरच हे गाव उलगडतं.

आधी पोहोचायचं कसं ते. रेल्वेने येणार असाल तर बँगोर स्टेशन सोयीचं, लंडनच्या यूस्टनहून सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. आबेरला पूर्वी स्वतःचं स्टेशन होतं, ते 1960 मध्ये बंद झालं. शेजारच्या लानवाइरवेखानला गाडी थांबते, पण तिथे हात दाखवून थांबवावी लागते आणि उतरायचं असेल तर आधीच गार्डला सांगावं लागतं. न सांगता बसून राहिलात तर पुढच्या स्टेशनवर जाऊन पोहोचाल. बँगोरहून लँडुडनोकडे जाणारी बस गावात थांबते. परतीच्या बसची वेळ मात्र उतरतानाच बघून ठेवा, रविवारी फेऱ्या कमी असतात. स्वतःची गाडी असेल तर A55 महामार्गावरचा 13 क्रमांकाचा फाटा. चुकलात तर या वेगवान रस्त्यावर पुढचा फाटा येईपर्यंत वळता येत नाही.

पहिली चूक होते ती इथेच. लोक गाव मागे टाकून थेट धबधब्याच्या पायथ्याच्या गाडीतळाकडे जातात. तो रस्ता अरुंद आहे, गाडीतळाला शुल्क आहे आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत तो भरून जातो. मी सांगेन, गाडी गावातच कुणाचा दरवाजा न अडवता लावा आणि आधी नदीकाठी 'मूद' शोधा.

मूद म्हणजे मातीचं गोल टेपाड. उंची सहा-सात मीटर, माथा सपाट आणि जेमतेम एका घराएवढा. हे टेपाड वेल्श राजांनी घातलेलं नाही. 11 व्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांचे सरदार या किनाऱ्यावर घुसले तेव्हा त्यांनी घाईने लाकडी किल्ला उभारण्यासाठी अशी टेपाडं रचली, आणि हे त्यांपैकीच एक असावं असं मानतात. पुढे नॉर्मनांना मागे हटावं लागलं, जागा ग्विनेदच्या राजांकडे आली आणि त्यांनी टेपाडाला लागूनच्या सपाटीवर आपला 'ह्लिस' वसवला. ह्लिसला राजवाडा म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. आपला 'वाडा' हा शब्द जास्त जवळचा: मधोमध मोठं दालन, दोन्ही टोकांना खोल्या, बाजूला कोठारं, तबेला, चॅपल आणि सगळ्याला कुंपण.

1993 मध्ये मूदशेजारच्या शेतात उत्खनन झालं आणि अशाच एका दालनाचा पाया सापडला: साधारण 11 मीटर लांब, 8 मीटर रुंद, दोन्ही टोकांना आडव्या खोल्या. पाहून झाल्यावर तो पुन्हा मातीने झाकला गेला, म्हणून आज तिथे गवताशिवाय काही दिसत नाही. शेत खाजगी आहे, फाटकं उघडून आत शिरू नका. रस्त्यावरूनही टेपाड आणि त्याच्या शेजारची सपाटी नीट दिसते, आणि कळायला तेवढं पुरतं.

इतक्या थोर राजांचं एवढंच कसं उरलं, असं इथे सगळ्यांना वाटतं. एक कारण बांधणीचं. पाया दगडाचा, पण वरचं काम लाकडाचं, आणि लाकूड हलवता येतं. इंग्रजांनी जवळच्या कॉनवी गावातलं ग्विनेदच्या राजा लेवेलिनचं दालन 1316 मध्ये उतरवून त्याचं लाकूड कार्नार्व्हनला नेलं. दुसरं कारण राज्य चालवण्याच्या पद्धतीचं. राजा एकाच राजधानीत बसून राहत नसे. राज्याचे छोटे विभाग होते, अशा विभागाला वेल्शमध्ये म्हणतात 'कुमुद'. हो, उच्चार अगदी आपल्यासारखाच. प्रत्येक कुमुदात राजाचा एक ह्लिस. दरबार एका ह्लिसहून दुसऱ्याकडे फिरायचा आणि तिथला धान्य-मांस-मधाचा कर जागेवरच संपवून पुढे सरकायचा. म्हणून एकाच ठिकाणी प्रचंड इमारत बांधण्याची गरजच पडत नसे. हा वाडा उभा कसा दिसत असेल हे पाहायचं असेल, तर कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात सामुद्रधुनीपलीकडच्या अँगलसी बेटावरच्या ह्रोसिर इथल्या ह्लिसचं दालन पूर्ण उंचीने पुन्हा बांधलं आहे, 2018 पासून ते खुलं आहे. माझ्या मते आबेरला येण्याआधी ते पाहून यावं. मग या गवतावर भिंती आपोआप उभ्या राहतात.

मूदसमोर गावाच्या वरच्या अंगाला पेन-इ-ब्रिन नावाचं बुरूजवजा भाग असलेलं जुनं घर दिसतं. खरा राजवाडा तिथेच होता असं मानणारेही आहेत, आणि या वादात दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. आज उभं असलेलं घर मात्र राजांच्या काळानंतरचं आहे आणि उत्खननाचा पुरावा मूदच्या बाजूने जास्त भक्कम आहे, असं माझं मत. घर खाजगी आहे, दुरूनच पाहा.

आता माणसांकडे. लेवेलिन हे नाव उच्चारताना सुरुवातीला जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची, 'ह्ल'च्या जवळचा आवाज येतो. तो जमला नाही तरी लोक समजून घेतात. थोरला लेवेलिन ग्विनेदचा राजा होता, आणि त्याची बायको जोन ही इंग्लंडच्या राजा जॉनची अनौरस मुलगी. वेल्शमध्ये तिला शिवान म्हणतात. 1211 मध्ये सासरा जॉन फौज घेऊन थेट आबेरपर्यंत आला आणि इथून माणसं पाठवून त्याने बँगोर जाळलं. तेव्हा तहाची बोलणी करायला लेवेलिनने शिवानलाच बापाकडे पाठवलं. अटी कडक होत्या, पण राज्य वाचलं.

याच बाईच्या नावाने गावात दुसरी एक गोष्ट सांगतात. विल्यम द ब्रूझ हा सीमेवरचा नॉर्मन सरदार 1228 मध्ये लेवेलिनच्या हाती कैद झाला, खंडणी भरून सुटला, आणि त्याच्या मुलीचं लग्न लेवेलिनच्या मुलाशी ठरलं. 1230 च्या ईस्टरला तो पाहुणा म्हणून आला आणि शिवानच्या दालनात सापडला. 2 मे 1230 ला लेवेलिनने त्याला उघड फाशी दिली. त्या काळच्या एका पत्रात 800 हून अधिक माणसं हजर असल्याचा उल्लेख आहे. फाशीची जागा आबेरचीच, असं इथले लोक सांगतात, पण बाला गावाजवळचं क्रोगेनही तोच दावा करतं. शिवान वर्षभर कैदेत होती, मग लेवेलिनने तिला परत मानाने आणलं. ठरलेलं लग्नही मोडलं नाही. 2 फेब्रुवारी 1237 ला शिवान आबेरलाच वारली. तिचा मुलगा दावीदही 1246 मध्ये इथेच गेला.

आबेरच का, याचं उत्तर समुद्राकडे आहे. गावातून महामार्ग आणि रेल्वे ओलांडून खाली जाणारा छोटा रस्ता धरा, 20-25 मिनिटांत किनारा येतो. ओहोटीच्या वेळी गेलात तर समोर मैलोन्‌मैल वाळू आणि चिखल उघडा पडलेला असतो. हा त्रायथ लावान. पलीकडे अँगलसी बेट, त्यावर ब्यूमारिस आणि लानवाइस, उजवीकडे पफिन बेट. 1826 मध्ये मेनाय पूल झाला, त्याआधी शतकानुशतकं लोक आबेरहून या वाळूवरून चालत पलीकडच्या खोल पाण्यापर्यंत जायचे आणि शेवटचा टप्पा होडीने ओलांडायचे. धुकं पडलं की वाट चुकू नये म्हणून गावच्या चर्चची घंटा वाजवत. दुसरीकडे, मागच्या डोंगरातून बुल्ख-इ-द्देवाइन खिंडीतून उतरणारा रोमन रस्ताही आबेरलाच खाली येतो. डोंगरातली वाट आणि वाळूतली वाट जिथे भेटतात, तिथे राजाचा वाडा. धान्य पिकवणारं अँगलसी आणि लपायला डोंगर, दोन्ही त्याच्या हाताशी.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही वाळू ओळखीची वाटेल आणि मोह होईल. कृपा करून उतरू नका. इथे अंतर काही किलोमीटरांचं आहे, मध्ये प्रवाह आहेत जे जागा बदलतात, मऊ चिखलात पाय रुततो, आणि सपाट वाळूवर भरतीचं पाणी तुमच्या पुढूनच नव्हे, मागूनही वळसा घालून येतं. शिवाय हे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र आहे. किनाऱ्यावरूनच पाहा आणि त्यासाठी ब्यूमारिसची भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. वाळूची वाट समजायला ओहोटी हवी, पण पक्षी पाहायला भरतीच्या आधीचे दोन तास चांगले, कारण पाणी चढतं तसे ते काठाजवळ सरकतात. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पिसं बदलणारे मोठे तुरेवाले डुबे इथे जमतात. दुर्बीण घेऊन या.

धबधबा आता. मूद आणि किनारा पाहून झाल्यावर नदीकाठाने वर चला. बाँट नेविद पुलापासून धबधब्यापर्यंत साधारण 2 किलोमीटर, रुंद वाट, हळूहळू चढ, पाऊण तास पुरे. पाणी सुमारे 37 मीटर उंचीवरून कोसळतं, वेल्शमध्ये त्याला ऱ्हायआदर वाउर म्हणजे मोठा धबधबा म्हणतात. वाटेला खडी आहे, पण शेवटच्या टप्प्यातले दगड कायम ओले आणि शेवाळलेले असतात. साध्या गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी इथे घसरायला होतं. कड्याच्या बाजूने वर चढू नका, तिथला खडक सुटा आहे. त्याच वाटेने परतायचं नसेल तर धबधब्याखालचा लाकडी पूल ओलांडून डोंगराच्या कुशीतून मोठा वळसा घेता येतो. त्या वाटेवर एका वळणाला सगळी वाळू, सामुद्रधुनी आणि अँगलसी एकदम समोर येतं. नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 17 घ्या, फोनला दरीत रेंज मिळेलच असं नाही. गावात जुन्या गिरणीत कॅफे आहे, पण तो रोज उघडा असेल या भरवशावर राहू नका. पाणी आणि खाणं सोबत ठेवा.

चालताना डोंगरांची नावं वाचत जा. कार्नेथ लेवेलिन 1064 मीटर, कार्नेथ दावीद 1044 मीटर. आणि 2009 पासून नकाशावर कार्नेथ ग्वेनल्लियनही आहे. शेवटचा लेवेलिन हा थोरल्याचा नातू. त्याची बायको एलिनॉर 1282 च्या जूनमध्ये बाळंतपणात गेली, मुलगी ग्वेनल्लियन वाचली. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजा एडवर्ड पहिल्याची फौज चालून आली. कँटरबरीचे आर्चबिशप पेकहॅम मध्यस्थीला आले आणि प्रस्ताव आला: डोंगर सोडा, त्याबदल्यात इंग्लंडमध्ये वर्षाला 1000 पौंड उत्पन्नाची जमीन घ्या. 11 नोव्हेंबर 1282 च्या वेल्श उत्तरावर जागेचं नाव आहे गार्थ केलिन, म्हणजे आबेरच्या वरचा हा उतार. उत्तर होतं नकाराचं: ज्याची भाषा, रीत आणि कायदे आम्हाला ठाऊक नाहीत, त्याच्यापुढे आमचे लोक मान झुकवणार नाहीत. बरोबर एका महिन्याने, 11 डिसेंबरला, किलमेरीजवळ लेवेलिन मारला गेला. पुढच्या जूनमध्ये त्याचा भाऊ दावीद (शिवानच्या मुलाहून वेगळा) याच डोंगरात पकडला गेला. तान्ही ग्वेनल्लियन लिंकनशायरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात नेली गेली आणि 1337 मध्ये तिथेच वारली, पुन्हा वेल्स न पाहता.

दुसरा दिवस हातात असेल तर बँगोरहून बसने ब्यूमारिसला जा. शिवानला तिच्या इच्छेप्रमाणे वाळूपलीकडे लानवाइसला पुरलं होतं आणि तिच्या आठवणीसाठी लेवेलिनने तिथे फ्रान्सिस्कन मठ उभारला. एलिनॉरलाही तिथेच जागा मिळाली. एडवर्डने 1295 मध्ये शेजारी ब्यूमारिसचा किल्ला बांधायला घेतला आणि लानवाइसच्या लोकांना उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला न्यूबरोला वसवलं. मठ 16 व्या शतकात मोडला. शिवानची म्हणून ओळखली जाणारी दगडी शवपेटी नंतर बराच काळ घोड्यांना पाणी पाजायची डोणी म्हणून वापरात होती. आता ती ब्यूमारिसच्या सेंट मेरी आणि सेंट निकोलस चर्चच्या पोर्चमध्ये आहे. झाकणाच्या शिळेवर मुकुट घातलेली एक स्त्री कोरली आहे, खाली नक्षीची वेल. ही शिळा एलिनॉरची असावी असंही काही अभ्यासकांना वाटतं. पोर्चमध्ये उजेड कमी असतो, फोनचा दिवा तिरका धरा म्हणजे चेहरा स्पष्ट दिसेल. तिथून बाहेर पडून पाण्याच्या काठावर आलात की समोर आबेरची दरी दिसते, डोंगरात पडलेली एक खोल खाच.