कॉपी झाली, पण लग्न तुटक दिसतंय

"भो, लग्नाच्या डीव्हीडीमधलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं ना, मग अजून काय राहिलं?"

जळगावच्या फुले मार्केटमध्ये आज हे कानावर पडलं. समोरच्या टीव्हीवर हळद मध्येच थांबलेली.

डीव्हीडीवर व्हिडिओ साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत (व्हीओबी फाइल्समध्ये) असतो. बरेच टीव्ही प्रत्येक तुकडा वेगळी फाइल म्हणून लावतात. आधी मेकएमकेव्ही या प्रोग्रामने सगळं एकाच एमकेव्ही व्हिडिओ फाइलमध्ये घ्या, चित्र जसंच्या तसं राहतं. चार-साडेचार जीबी जागा परवडत असेल, तर माझ्या मते इथेच थांबावं.

फाइल लहान करायचीच असेल तर हँडब्रेक हा प्रोग्राम. त्यात एच.२६४ (व्हिडिओ दाबायची पद्धत), आरएफ २० (दर्जाचा आकडा), आणि डीइंटरलेस चालू. आपल्याकडचं जुनं लग्नाचं शूटिंग बहुतेक पाल इंटरलेस्ड असतं, म्हणजे जुन्या टीव्ही पद्धतीचं, एकाआड एक ओळींत साठवलेलं. डीइंटरलेस राहिलं की नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात फुटतात, आणि नंतर ते धड निघत नाहीत. म्हणून मूळ एमकेव्ही पुसू नका.

आणि खरंच, आता वेळ घालवू नका. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कचा रंगाचा थर उष्णतेने बिघडतो, आणि आपला मे ४४-४५ अंशांचा. त्यात डिस्कचा डबा पत्र्याखालच्या माळ्यावर! डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बऱ्याचदा कडेलाच आधी एरर येतो, म्हणजे पहिली जाते ती पाठवणी. अडकली तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एक ड्राइव्ह नाकारतो ते दुसरा वाचतो.

तुमच्या घरची डिस्क पाठवणीपर्यंत चालते का?